सासूबाईंपेक्षा उंच खुर्ची

गुडघा बदलून काही महिने झाले होते. टाके सुकले, काठी सुटली, पण वाटीच्या पुढच्या बाजूचं दुखणं जाईना. बसून उठताना तर कोणीतरी तिथे अंगठा रोवून धरल्यासारखं वाटे. व्यायामाचा कागद मी फ्रिजवर चिकटवला होता आणि रोज खुणा करत होते. एकही व्यायाम चुकवला नव्हता. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, सांधा छान बसलाय. पण महिनाभरात फरक पडला नाही तर पुन्हा सगळ्या तपासण्या कराव्या लागतील.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी कल्याणहून आमच्या कामतघरच्या घरी यायची. एकदा तिने विचारलं, "काकू, दिवसभर बसता कुठे?"

मी बुटक्या स्टुलाकडे बोट दाखवलं.

"आणि ही खुर्ची?"

"पाहुण्यांना."

सासूबाई समोरच जमिनीवर पावटे सोलत होत्या. वय ऐंशीच्या घरात, जन्म भातशेतीत गेलेला, तरी मांडी घालून तासन्‌तास बसायच्या. त्या खाली आणि मी खुर्चीत पाय सोडून, हे मला जमत नव्हतं. आमच्यात सून सासूच्या वर बसत नाही. त्यातून मला बघायला रोज कोणी ना कोणी यायचं. त्यांनी बाहेर जाऊन काय बोलावं, याचा विचार मी आधी करायची, गुडघ्याचा नंतर.

"उठून दाखवा बरं," मुलगी म्हणाली.

मी खिडकीचे गज धरले आणि सगळं अंग ओढून उठले. डोळ्यांत पाणी आलं. तोंड फिरवलं, पण सासूबाईंनी पाहिलंच. त्यांचे पावटे सोलणारे हात थांबले.

"काकू, मांडीच्या पुढचा स्नायू अजून कच्चा आहे. इतक्या खालून उठलं की सगळा भार वाटीवर येतो. दिवसातून किती वेळा करता हे? बैठक उंच हवी. कंबर गुडघ्यापेक्षा वर राहिली पाहिजे. व्यायाम चालू ठेवा, पण हे स्टूल बंद."

एवढी साधी गोष्ट! सगळ्या घराचं वेळापत्रक लावणारी मी, आणि दुखणं रोज स्वतःच्या हाताने वाढवत होते. मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने लूमच्या कारखान्यातल्या सुताराकडून लाकडाचे ठोकळे आणून खुर्चीच्या पायांखाली पक्के बसवले. खुर्ची आणखीच उंच झाली. मी टेकते न टेकते तोच दिघाशी गावची मावससासू दारात.

"अरे वा! सुनबाय सिंव्हासनावर बसली!"

माझे कान तापले. उठायला गेले, तोच सासूबाई खालून म्हणाल्या, "बस गो. माझ्यापेक्षा उंच बसलीस म्हनून काय माझी सासू व्हनार हायेस?" मग बहिणीकडे वळून, "आनि तू काय बघतेस? तुला न्हाय भेटनार. बस हितं खाली. पावटे सोल."

मावससासू हसत हसत खाली बसली. मला मात्र हसू आलं नाही. खाली दोन म्हाताऱ्या कामाला लागलेल्या आणि त्यांच्या डोक्यांवर मी. पुन्हा पुन्हा पदर सारखा करत राहिले.

पण बसले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, कोणीही आलं तरी. जिना उतरताना आधी ऑपरेशनचा पाय खाली, चढताना आधी चांगला, हेही पाळलं. हळूहळू उठताना गज धरायची गरज उरली नाही. अंगठ्याचा तो दाब राहिला, पण पुसट.

महिन्याने डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला आणि तपासण्या नकोत म्हणाले. घरी येऊन खुर्चीत बसले. सासूबाई नेहमीच्या जागी होत्या. सांगायला मी पुढे सरकून खाली वाकू लागले.

"तिथनंच सांग," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येतंय."