कालच्या वाऱ्याचा नकाशा

दामोदर सावे सरांची आणि माझी पहिली भेट विमान कंपनीच्या मार्ग-नियोजन विभागात झाली. मी पालघरजवळच्या कुंभवलीची आहे हे कळताच, केळव्याला आमच्या वाडीत शहाळी प्यायला कधी येणार, असं त्यांनी विचारलं. मग पॅसिफिक महासागराचा नकाशा पसरून दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट पेन्सिलीने आखली आणि लगेच खोडली. त्या वाटेवर वारा समोरून होता. शेकडो मैलांचा वळसा घेतला, तर पाठीमागच्या वाऱ्यावर विमान लवकर पोचणार होतं आणि इंधनही वाचणार होतं.

आम्हा सगळ्यांना सरांनी असंच समोर बसवून शिकवलं. एकदा एखाद्यावर विश्वास टाकला की त्याचं काम ते पुन्हा तपासत नसत.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या गुणांविषयी लिहा, असं गौरव अंकाच्या संपादकांनी कळवलं. माझा दोष सांगितल्यावाचून मला ते लिहिता येत नाही.

एका दुपारी पॅसिफिकवरून परतणाऱ्या विमानाचा मार्ग मी आखला. वाऱ्याचा ताजा नकाशा आलेला होता. मी घाईत आदल्या दिवसाचा उघडला. सरांनी भरवशाने सही केली. समुद्रावर समोरचा वारा माझ्या हिशेबापेक्षा बराच जास्त निघाला. वैमानिकांनी वेळीच विमान वळवून एका बेटावर उतरवलं, इंधन भरलं. कोणाला इजा झाली नाही. पण त्या विमानातून पालघरचे एक गृहस्थ आईच्या अंत्यदर्शनासाठी निघाले होते. ते घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

चौकशीत सर म्हणाले, "सही माझी आहे. चूकही माझीच."

मी शेजारीच बसले होते. नोकरीत कायम झाल्याचं माझं पत्र त्याच आठवड्यात निघायचं होतं. मी गप्प राहिले. सरांची बदली जुन्या कागदपत्रांच्या विभागात झाली आणि पुढे त्यांची खुर्ची मला मिळाली. त्या गृहस्थांच्या घरी माफी मागायला सर एकटेच जाऊन आले, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तेव्हाही मी काही बोलले नाही.

सर आता केळव्याला असतात. गेल्या महिन्यात तिथे जाऊन मी सगळं सांगितलं. ते सुपाऱ्या सोलत होते. हे आपल्याला तेव्हाच कळलं होतं, म्हणाले. मी माफी मागितली.

"बदलीचा राग नाय, बाय," ते म्हणाले. "पण नकाशा कसा चुकला, ते बाकी कोणालाच कळला नाय. दुसरा कोण तसाच चुकला असता तर?"

इतकी वर्षं मी माझ्याच लाजेचा विचार करत होते. समुद्रावरून जाणाऱ्या माणसांचा एकदाही केला नव्हता.

परत आल्यावर मी विभागातल्या सगळ्यांना ती चूक माझ्या नावानिशी सांगितली. आता नकाशावरची तारीख दोघांनी वाचल्याशिवाय मार्ग पुढे जात नाही. वरिष्ठांनाही लेखी कळवलं आहे. सरांची गेलेली वर्षं त्याने परत येणार नाहीत.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. या मागण्यात माझा स्वार्थ आहे: त्यांच्यासमोर मान वर करून बसण्याइतकी मोठी मी अजून झालेले नाही, आणि त्याला वेळ लागेल.