कलाकार उपस्थित नव्हते

“कलाकार उपस्थित नसल्यामुळे पुढचं हलगीवादन होणार नाही,” असं निवेदिकेनं माईकवर सांगितलं, तेव्हा माझा बाप सभागृहाच्या काचेच्या दारापलीकडं उभा होता. नवा पांढरा शर्ट. डोक्याला फेटा. गळ्यात हलगी. बाहेर अजून ऊन होतं, त्यामुळं मला तो स्टेजवरून सरळ दिसत होता. गायनाची बैठक आधीच मांडली होती आणि मी तिथं तानपुरा घेऊन बसले होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या माहीत नाही. उद्घाटनाला लोक कशालाही टाळ्या वाजवतात.

मी उठले नाही. “ते बघा, दारात उभे आहेत,” एवढंच म्हणायचं होतं. सहा शब्दसुद्धा नाहीत. तोंड उघडलं नाही. बोटं तारांवरून फिरत राहिली. दुसऱ्यांची चूक लिहायच्या आधी माझी लिहून टाकते.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण नावाचं होतं आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. सातारा-सांगलीच्या पट्ट्यातलं आहे, एवढं पुरे. आमची मातंग वस्ती रहिमतपूरच्या बाजूला. हलगी घरात पणज्यापासून. आबा, म्हणजे माझा बाप, हलगी वाजवतात, चुलते घुमकं नावाचा ढोल, चुलतभाऊ कैताळाची झांज. लग्न, जत्रा, निवडणुकीचा गुलाल, कुणाचाही आनंद असो, आमच्याशिवाय त्याचा आवाज निघत नाही. मी मात्र गायला शिकले. शाळेतल्या बाईंनी गळा ओळखला आणि पुढं विद्यापीठाच्या संगीत विभागात मॅडमनी मला घेतलं.

मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्या वाईट शिकवत नाहीत. हे लिहिलं नाही तर मी खोटी ठरेन. नुसता षड्ज धरायला त्यांनी मला तीन महिने लावले आणि त्या तीन महिन्यांत एकदाही चिडल्या नाहीत. हॉस्टेलवर तापानं फणफणले होते तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. म्हणून तर हे एवढं लागलं.

दोन वर्षांपूर्वी विभाग बंद पडायला आला होता. प्रवेशच होत नव्हते. वरून पत्र आलं, यंदा वर्ग भरला नाही तर गाशा गुंडाळा. तसं या विभागाला एक रसिक मंडळ आहे. डॉक्टर, वकील, पेठेतले व्यापारी, निवृत्त प्राध्यापक. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत विभाग मैफलींचा हंगाम करतो आणि ‘रसिक मंडळाच्या उदार आश्रयाने’ असं पत्रिकेवर ठळक छापतो. पण वर्ग भरायची वेळ आली तेव्हा या उदार मंडळींपैकी एकानंही आपली लेक विभागात घातली नाही. त्यांच्या लेकी पुण्यात कॉम्प्युटर शिकत होत्या. गाणं त्यांना ऐकायला हवं होतं, घरात नको होतं.

तेव्हा मॅडम माझ्याबरोबर आमच्या वस्तीत आल्या.

आईनं भाकरी आणि वांग्याचं कालवण केलं होतं. मॅडमनी मागून घेऊन खाल्लं. आमच्या घरात कुणी मागून खाल्लं की आमचा जीव त्याच्यावर जडतो. ही आमची जुनी खोड. बाहेरचं माणूस आमच्या ताटाला शिवलं की आम्हाला वाटतं, झालं, आता हे आपलंच. त्या दिवशी आई तर मॅडमकडं बघून नुसती हसत होती.

वस्तीतल्या नऊ जणांनी प्रमाणपत्राच्या वर्गाला नाव घातलं. त्यातल्या दोघी लग्न झालेल्या, सासूची मनधरणी करून आलेल्या. मैफलीला खुर्च्या रिकाम्या राहायच्या, तर आमच्या बाया टेम्पोनं यायच्या आणि दोन-दोन तास जागच्या न हलता बसायच्या. माझी चुलती विलंबित ख्यालात बिनघोर डुलक्या घ्यायची आणि टाळी मात्र बरोबर वेळेवर वाजवायची. त्या भरलेल्या सभागृहाचे फोटो वर गेले. विभाग वाचला.

त्याच जेवणाच्या वेळी मॅडमनी आबांना विचारलं होतं, की हलगीचे रिवाज काय असतात. आबांना असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते खुलले. म्हणाले, “नवरदेवाला वाजवत मांडवापतोर न्यायचं आन् दारात हात थांबवायचा. आत आमचं काम न्हाई. कुणी सांगावं बी लागत न्हाई बगा. पायच थांबत्यात.”

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “आबा, एक दिवस मी तुम्हाला आमच्या स्टेजवर उभं करणार.”

यंदाच्या हंगामाच्या पत्रिकेत खरंच आबांचं नाव आलं. उद्घाटनाचं भाषण, मग हलगीवादन, मग गायन. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याआधी ते असं फक्त मतदार यादीत छापलेलं होतं. आबांनी पत्रिका वस्तीत घरोघर दाखवली. पंधरा मिनिटं मिळणार होती, तर भावाच्या मोबाइलवर वेळ लावून तालीम केली. चौदा मिनिटांत संपलं की पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणाली, आता कान बधिर झाले, जावा बाबा एकदाचं.

उद्घाटनाच्या दिवशी चार वाजता आम्ही पोचलो. मॅडम गेटवर आल्या. रसिक मंडळाचे अध्यक्ष येणार होते. तर त्यांना गेटपासून सभागृहापर्यंत वाजवत आणाल का, असं त्यांनी आबांना विचारलं. मग लगेच तुमचाच कार्यक्रम, म्हणाल्या. आबांना काय, आनंदच. अध्यक्ष गाडीतून उतरले आणि तिघांनी असं वाजवलं, की समोरच्या इमारतीतले क्लार्कसुद्धा खिडकीत आले. अध्यक्ष पुढं, मॅडम त्यांच्या शेजारी, मागं आमची हलगी. पायऱ्या आल्या, काचेचं दार आलं.

आणि आबांचे हात थांबले. पाय थांबले. साठीला आलेल्या माणसाचं आयुष्यभराचं वळण. त्यांना वाटलं, पाहुणे बसतील, मग आपल्याला हाक येईल. वॉचमननं एसीसाठी दार ओढून घेतलं. मी तोवर आत गेले होते, तानपुरा लावायचा होता.

हलगीचं कातडं थंड पडलं की आवाज बसतो. वाजवायच्या आधी ती जाळावर शेकून घ्यावी लागते. अध्यक्षांचं भाषण लांबलं, तशी आबांनी पार्किंगच्या कडेला कागद पेटवून हलगी शेकली. ती पुन्हा थंड पडली. पुन्हा शेकायला घेतली, तर वॉचमननं जाळ विझवायला लावला. हे मला नंतर चुलतभावानं सांगितलं. हाक आली की लगेच सुरू करता यावं म्हणून माझा बाप हलगी गरम ठेवत होता आणि आत माईकवर तो हजरच नाही असं सांगितलं जात होतं.

मग गायन झालं. तबल्यावर थाप पडली आणि पुढच्या रांगेत माना डोलल्या. तबल्यालाही कातडंच असतं. त्या कातड्याखाली मात्र मखमलीची गादी होती.

परत जाताना टेम्पोत, वस्ती जवळ आल्यावर आबा म्हणाले, “आपूनच थांबलो की गं. त्यांनी कुटं आडवलं?”

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं. त्यांचंही तेच. आबा आलेच नाहीत आत, आम्ही तरी काय करणार, मलाच किती वाईट वाटलं म्हणून सांगू. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला ठेवायचाच होता. मॅडम खोट्या निघाल्या तर माझा षड्जही कुठून आणायचा, असं मला वाटत होतं.

महिन्याभरानं पुढच्या मैफलीचं निवेदन मला करायचं होतं. आधीची निवेदिका माझ्याच वर्गातली. तिनं तिची फाइल माझ्या हातात दिली. त्यात उद्घाटनाच्या दिवसाचा कागद होता. टाइप केलेला कार्यक्रम, आबांच्या नावावर हिरव्या शाईची रेघ आणि शेजारी मॅडमचं वळणदार अक्षर: ‘फक्त गेट ते दार. अनुपस्थित म्हणावे.’

मी तिला विचारलं, हा कागद तुला कधी मिळाला. ती म्हणाली, सकाळी. आणि वर म्हणाली, मला वाटलं तुला माहीत आहे.

सकाळी. म्हणजे आबा घरी फेटा बांधत होते तेव्हा. मॅडमना कुणाला अडवायचं नव्हतं, हाकलायचं नव्हतं. आबा कुठं थांबतात हे त्यांच्या वहीत होतं. आमच्या घरात, आमच्या ताटावर बसून लिहून घेतलेलं. बापानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्यांनी बापाच्याच पायात अडकवली.

कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी तो बघितला. या वेळी डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. शांतपणे म्हणाल्या, “अध्यक्षांना स्टेजवर हलगी नको होती. हंगाम त्यांच्यावर चालतो. आबांचा अपमान होऊ नये म्हणूनच मी हा मार्ग काढला. तू शहाणी आहेस, समजून घे.”

अपमान होऊ नये म्हणून. मला वाटतं त्यांना ते खरंच पटलेलं होतं. मी समजून घेतलं नाही, कागदही परत दिला नाही, पण गप्प बसले. एम.ए.चं शेवटचं वर्ष. प्रात्यक्षिकाचे गुण मॅडमच्या हातात. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. अशी कारणं माणसाला भरपूर सापडतात. मलाही सापडली.

याच आठवड्यात विद्यापीठाची तपासणी समिती आली. विभागात मोठमोठे फलक लावले होते. ‘समाजाचा सहभाग’ या फलकावर मधोमध माझे आबा. हलगीवर टिपरी टेकलेली, मान वर, तोंडभर हसू. फोटो पायऱ्यांवरचाच. दार तेवढं कापून टाकलेलं. खाली ओळ होती: ‘हंगामाच्या मंचावर लोककलावंत’.

विद्यार्थ्यांच्या वतीनं दोन मिनिटं मी बोलायचं ठरलं होतं. काय बोलायचं ते मॅडमनी लिहून दिलं होतं. त्यात ‘माझ्या वडिलांना मिळालेलं व्यासपीठ’ असे शब्द होते. आत जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून त्या हळूच म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिक आहे, हसून बोल.

समितीत तिघं होते. मी उभी राहिले. लिहून दिलेला कागद टेबलावर उलटा ठेवला.

म्हटलं, “फोटोतला माणूस माझा बाप आहे. तो मंचावर नाही. तो दाराबाहेर आहे. दार तुम्हाला दिसू नये म्हणून कापलंय.” मग हिरव्या शाईचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. वर्ग कुणी भरला, खुर्च्या कुणी भरल्या, तेही सांगितलं. आणि त्या दिवशी मी स्टेजवर होते आणि गप्प बसले, तेही सांगितलं. आवाजाला सूर नव्हता कसलाच. पण निघाला.

समितीतल्या एका बाईंनी कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. दुसरे गृहस्थ घड्याळाकडं बघत होते. तिसऱ्यांनी आता ग्रंथालय बघू या का, असं विचारलं. बस. एवढंच झालं. आभाळ कोसळलं नाही, कुणी माझ्या बाजूनं उठलं नाही.

संध्याकाळी मॅडमनी बोलावलं. लेखी माफी हवी, म्हणाल्या. कागद बनावट आहे आणि मी मानसिक ताणात बोलले, असं लिहून सही करायची. मग सगळं सुरळीत होईल. नाहीतर प्रात्यक्षिकाचं त्या काही सांगू शकत नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, “तुला मी घडवलं.”

घडवलं. हे खरं आहे. त्याचं ऋण मी नाकारत नाही. पण त्याची फेड म्हणून बापाला खोटं ठरवायचं असेल, तर त्यांनी मला चुकीच्या घरातून उचललं.

घरी सांगितलं तर आबा माझ्यावरच भडकले. “सही कर आन् मोकळी हो. डिग्री हातात पडू दे. माजं काय, मी काल बी बाहेर हुतो, उद्या बी ऱ्हाईन.” दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आई मधेच म्हणाली, पोरीनं केलं ते बरं केलं, आणि पुन्हा चुलीकडं वळली. आबांचा राग मला कळतो. माझी पदवी हेच त्यांचं सगळं आयुष्यभराचं मागणं. पण त्यांच्यासाठी म्हणून त्यांचाच अपमान मी सहीनं कायम करू शकत नाही. त्यांनी सांगितलं तरी नाही.

प्रात्यक्षिक सोमवारी आहे. मी जाणार. नऊ जणांपैकी सात जण बरोबर येणार आहेत, बाहेरच्या बाकावर बसायला. दोघींना सासरच्यांनी सोडलं नाही. पास केलं तर गुण घेईन, पण उपकार म्हणून घेणार नाही. नापास केलं तर फेरतपासणी मागेन, मग पुन्हा बसेन, मग पुन्हा. विभाग सोडून मी जाणार नाही. तो आमच्या लोकांनी जगवलाय. जायचंच असेल तर ज्यांनी खोटं लिहिलं त्यांनी जावं.

माफीचा मजकूर मॅडमनी टाइप करून पाठवलाय. खाली माझं नाव आहे आणि सहीसाठी जागा सोडलीय. ती जागा तशीच राहील.