आत्याचा आवाज असलेली रेकॉर्ड

कुलपं दुरुस्त करणारे काका तरुणपणी डूम मेटल वाजवायचे, म्हणजे गिटार इतकी जड आणि संथ की ऐकणाऱ्याला गुंगीच यावी. त्यांच्या बँडने आपला एकुलता एक अल्बम काकांच्या आत्याच्या घरी मागच्या खोलीत रेकॉर्ड केला. गाणं ऐन रंगात असताना आत्या दार ढकलून ओरडली, "मेल्यांनो, हळू वाजवा!" आवाज कमी करायचं सोडून पोरांनी लयच निम्मी केली, आणि आत्याच्या त्या ओरडण्यासकट नेमकं तेच गाणं गाजलं.

पुढे कंपनीने अल्बम पुन्हा काढला, तेव्हा आवाज साफ करताना आत्यालाच पुसून टाकलं. चाहते खवळले. तिसऱ्या आवृत्तीत तिला परत घ्यायचं ठरलं आणि काका परवानगीचा कागद घेऊन तिच्याकडे गेले.

ऐंशीच्या आत्याने चष्मा लावून तो नीट वाचला. "सही करते, पण कव्हरवर माझा फोटो हवा. ती कवटी नको."

काकांनी हसत हसत कंपनीला फोन लावला. आता आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला रेकॉर्ड दाखवते आणि बजावते, "गाणी राहू देत, फोटो बघ." काकांना त्याचं जराही वाईट वाटत नाही. त्यांनीसुद्धा एक प्रत दुकानात, किल्ल्यांच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी लावली आहे.