आत्याच्या गोळ्या कोणी बंद केल्या

सुमनआत्या मंगळवारी दुपारी यवतमाळच्या दवाखान्यात वारली. संध्याकाळी आम्ही तिला राळेगावला आणलं.

तिच्या आतड्याला जुनी सूज होती. रोजच्या गोळ्यांनी ती आटोक्यात राहायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, दही-ताक खुशाल घ्या, प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला चांगल्या जंतूंची, कॅप्सूल हवी तर मला विचारून घ्या, पण गोळ्या सोडू नका. दही खा म्हणून तिला सांगायचं... ती हसली होती. अख्ख्या गल्लीचं दही तिच्या विरजणावर लागायचं. विरजण विकायचं नाही आणि कोणाला नाकारायचं नाही, हा तिचा नेम. वाटी घेऊन आलेल्या शेजारणीला म्हणायची, "तुह्यं दही लागन कसं वो बाई, दिवसभर तं भांडत राह्यतं."

म्हणूनच तो माणूस तिला आपला वाटला. दारव्ह्याहून यायचा, गावात बसून पोटाच्या तक्रारी ऐकायचा आणि कॅप्सूलच्या डब्या विकायचा. आत्याचं दही चाखून तो म्हणाला, आपल्या डबीत हेच जिवंत जंतू आहेत, फक्त जास्त. आणि दवाखान्याच्या गोळ्या त्यांना मारतात. दह्याची पारख असलेला माणूस खोटं बोलेल, हे आत्याच्या मनातही आलं नाही. तिनं आम्हाला न सांगता गोळ्या बंद केल्या. आम्हाला कळलं ते रक्त पडायला लागल्यावर...

तेरवीला तो जेवायला आला. पंगतीत शेजारच्याला सांगत होता, "मावशीनं उशिरा सुरू केलं, नाहीतं वाचल्या असत्या." मी वाढत होते. त्याच्यासमोर थांबून हळूच विचारलं, "तिच्या गोळ्या बंद करायले कोणं सांगतलं?"

पंगतीतले हात थांबले.

"ताई, जेवताना कायले..."

"जेवा. पण सांगून जेवा."

तो पानावरून उठला. त्याला बसा म्हणायला कोणीही पुढे झालं नाही.

माझा राग जंतूंवर नाही. काही दुखण्यांत त्यांचा उपयोग होतो, हे डॉक्टरांनीच मला समजावलं. गोळ्यांचं काम मात्र ते करत नाहीत. मी तक्रार दिली आहे. तो आता मारेगावच्या बाजारात बसतो. मीही एसटीनं तिथे जाते, त्याच्यासमोर बसते आणि डबी हातात घेणाऱ्या प्रत्येकीला आत्याचं काय झालं ते सांगते. तो जागा बदलतो. मी विचारत विचारत तिथे पोचते. त्यानं शरमावं, एवढ्यावर माझं समाधान नाही. त्याची एकही डबी खपू नये.

आत्याच्या कपाटात गोळ्यांची पाकिटं आहेत, न उघडलेली. त्यांची मुदत अजून संपलेली नाही.