शेवटी जोडलेलं यंत्र

डोंबिवलीहून निघाले तेव्हा पिशवीत डबा होता आणि मनात नाराजी. रस्ता रुंद करण्याआधीच्या घरमोजणीसाठी आमच्या कंपनीने हातात मावणारी यंत्रं दिली होती. ती उन्हातान्हात कशी चालतात ते बघायला मला पाठवलं होतं, तेही शनिवारी.

माजिवड्याला मोजणीदार सावंत रिक्षा थांबवून उभे होते. घोडबंदर रोडला तेव्हा दोन्ही बाजूंना झाडं होती, मधूनच परांचीत अडकलेली एखादी नवी इमारत. खाडीकडे वळलो आणि खाजणात (भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन) रिक्षा रुतली. पुढची वाट चपला हातात घेऊन तुडवली.

मोजायचं घर मार्थाबाय नावाच्या बाईचं होतं, कौलारू, दारावर लाकडी क्रूस. उन्हात यंत्राचा पडदा दिसेना, म्हणून मी ओढणी धरली आणि सावंतांनी नोंद केली. मग तिने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. इतकं चविष्ट कालवण मी त्याआधी खाल्लं नव्हतं. जेवताना ती सहज म्हणाली, की मंगळवारी आणखी एक जण असंच यंत्र घेऊन आला होता आणि कुलूप बघून परत गेला, असं शेजारीण सांगत होती.

"आमी वसईला मयताला गेलेलो. घर रिकामा नाय आमचा."

सावंतांचा घास हातातच राहिला. हद्दीवरचं घर मोजणीदारांच्या दोन्ही तुकड्यांच्या वाट्याला आलं होतं. बाहेर ही यंत्रं कशालाच जोडलेली नसत. शनिवारी संध्याकाळी ऑफिसात वायर लावली की नोंदी मोठ्या कॉम्प्युटरात उतरत आणि रात्री आपोआप पुढच्या टेबलाकडे जात. एका घराच्या दोन नोंदी आल्या तर नंतर उतरलेली राही, आधी उतरलेली पुसली जाई, मग मोजणी कुठल्याही दिवशीची असो. आणि रिकाम्या घराला बदली जागा मिळणार नव्हती.

ठाण्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. हाताने काही बदलायची त्याला परवानगी नव्हती. मग आम्ही बाकावर बसलो आणि येईल त्याला पुढे जाऊ दिलं. मंगळवारी मार्थाबायकडे गेलेला म्हात्रे अगदी शेवटी आला आणि सावंतांना म्हणाला,

"दादा, तुम्हाला कल्याण गाठायचंय. तुम्ही लावा आधी."

"तू लाव रे. मला आज घाई नाही."

सावंतांनी त्याला कुलपाची हकीकत सांगितली. आपण दार वाजवलं होतं, असं तो दोनदा म्हणाला. मग त्याने वायर लावली. त्याच्यानंतर सावंतांनी लावली. पडद्यावर 'राहतं घर' उमटलं तेव्हा मला रडू आलं.

परतीच्या लोकलमध्ये मात्र तो आनंद टिकला नाही. म्हात्रेच्या नोंदींत 'कुलूप, रिकामं' अशी इतरही घरं मी पाहिली होती. त्यांच्यासाठी बाकावर कोणी बसलं नव्हतं.

डोंबिवलीला घरी पोचले. दाराला कुलूप होतं, आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. किल्ली माझ्याकडे होती, तरी कितीतरी वेळ मी त्या कुलपाकडे बघत जिन्यात बसून राहिले.