नाव घे, मंग वटी

देवाधर्मात मी कधीच पुढे नव्हते. आमच्या घरात ते खातं सासूबाईंचं आणि माझं खातं बोलण्याचं. कामशेतच्या आमच्या तांदळाच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, आणि पाच किलो न्यायला आलेला माणूस दहा किलो घेऊन जायचा. म्हणून देवीने माझ्याकडून नेमकं बोलणंच काढून घेतलं, असं मी आता हसून म्हणते. तेव्हा हसत नव्हते.

मुलगी झाल्याच्या नवव्या दिवशी सकाळी तिला पाजताना डोक्यात कळ आली, उजवा हात गळाला, तोंड वाकडं झालं. माझ्या नवऱ्याने, सुरेशने, दुकानाच्या टेम्पोतून मला थेट पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती; बाळंतपणानंतर क्वचित असं होतं, वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. हळूहळू पाय चालू लागला, पण हात लुळाच होता आणि बोलणं परतलं नाही. एकच शब्द उरला, "बरं." भूक लागली? बरं. दुखतंय? बरं. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "चार वर्सांत पयल्यांदाच सून माज्या हरेक बोलन्याला बरं म्हनती!" सगळे हसले, मीही हसले. मग त्या आत जाऊन पदराने डोळे पुसत बसल्या, ते मला दारातून दिसलं.

खरी अडचण पुढेच होती. मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं, हे मी दिवस गेले तेव्हाच ठरवलं होतं, आणि बारशापर्यंत कुणालाही सांगायचं नाही असा हट्ट धरला होता. सासूबाई मध्ये आपलं नाव घुसवतील, ही भीती. आता ते नाव डोक्यात अडकून पडलं. बोलता येईना, लिहिता येईना. नणंदेने 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत नावं वाचून दाखवली, मी प्रत्येकाला "बरं" म्हटलं. सुरेश म्हणाला, "तिला सांगता येईल तेव्हाच बारसं." मुलगी पाच महिन्यांची झाली तरी नुसती "बाळी" होती. आपल्या लेकीला आपण कधी नावाने हाकच मारू शकलो नाही तर, या विचाराने मी पोखरून निघत होते.

सासूबाईंच्या आग्रहाने आम्ही कार्ल्याला एकवीरेची ओटी भरायला गेलो. सुरेशचा खांदा धरून, मनातल्या मनात देवीशी भांडत मी पायऱ्या चढले. तसल्या भांडणाला जीभ लागत नाही. अर्ध्या वाटेवर एक म्हातारी खण-नारळ विकायला बसली होती, वरच्या वाडीतली असावी. सासूबाईंनी ओटीचं सामान मागितलं, तर तिने नारळ मागे ओढला आणि मला म्हणाली, "नाव घे, मंग वटी देते."

"मावशी, तिला बोलता येत न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"व्हय, लाजती. समद्याच लाजत्यात."

"अवो, लाजत न्हाई, आजारी हाये ती!"

"आं? घे गं, घे."

म्हातारी ठार बहिरी होती. तिने माझा लुळा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने पायरीवर नारळ आपटत ठेका धरला. आणि लग्नात घेतलेला उखाणा माझ्या तोंडून अख्खाच्या अख्खा बाहेर पडला:

"इंद्रायणीच्या काठी घमघमतो भात,
सुरेशरावांचं नाव घेते, हातात घेऊन हात."

सुरेश मटकन पायरीवर बसला. म्हातारी म्हणाली, "एवडंच व्हतं, तर येळ कशाला लावला?"

हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या ताईंना याचं नवल वाटलं नाही. तालासुरात पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं, म्हणाल्या. असेलही. मला सावरायला नेमकी बहिरी बाईच त्या पायरीवर कशी भेटली, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यानंतर आमच्या घरात मीठसुद्धा उखाण्यात मागितलं जाऊ लागलं. सासूबाई यमक जुळवायच्या, मी त्यांच्यामागून म्हणायचे. एकेक शब्द यायला लागला, पण ते नाव काही येईना.

एका दुपारी मी अशीच त्या नावामागे लागले होते. घामाघूम झाले. समोर सासूबाई बाळीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पाच-सहा महिने दोघींचं न्हाणं-माखणं त्यांनीच केलं होतं, आणि नावाबद्दल पुन्हा एकदाही विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. मी मनात म्हटलं, देवी, ठेव तुझ्यापाशीच ते. आणि तोंडातून आलं, "आई, तुम्ही ठेवा."

ठेका नव्हता, यमक नव्हतं. आजारानंतरचं माझं स्वतःचं पहिलं वाक्य ते. सासूबाई रडल्या, आणि डोळे पुसायच्या आतच म्हणाल्या, "गौरी! म्या कवाच ठरिवलं व्हतं!"

बारसं थाटात झालं. पुढे सासूबाईंनी माझ्यासाठी बोललेला नवस फेडायला गेलो तर म्हातारी त्याच पायरीवर होती. तिने मला ओळखलं नाही, पुन्हा नाव घ्यायला लावलं. मी आनंदाने तीन उखाणे घेतले. देवीने मला काय काय परत दिलं, ते मोजत बसत नाही. हात जोडते, दोन्ही हात जुळतात.

गेल्या आठवड्यात दुकानात तांदूळ निवडताना ते जुनं नाव अचानक जिभेवर आलं. मी हळूच उच्चारून पाहिलं. छान होतं. पोत्यांशी खेळणाऱ्या लेकीने मानही वर केली नाही. मग मी "गौरी" म्हटलं, आणि ती दुडूदुडू धावत आली.