मापाच्या पडद्याआडचं उट्टं

आमच्या थोरल्या जाऊबाई भांडणात कधी आवाज चढवत नाहीत. ते काम माझं. कुणी वाकडं बोललं की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही, आणि त्या तोंडात टाचण्या धरून मुकाट्याने कापड कापत राहतात. त्यामुळे लोकांना वाटतं, थोरली सोशिक आणि धाकटी खाष्ट. लोकांना काय कळतंय! मी संध्याकाळपर्यंत सगळं विसरून जाते. जाऊबाई विसरत नाहीत. त्यांनी एकदा डूख धरला की धरला.

आम्हा दोघींचं शिवणकामाचं दुकान आहे. माप आणि कापणं त्यांच्याकडे. हूक, काजं, बटणं आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत माझ्याकडे. पुढे एक बाक, मागे पडदा लावलेली मापाची जागा, तिथे एक आरसा आणि पाय ठेवायला लाकडी पाट. वर्षानुवर्षं आम्ही शाळेचे गणवेश आणि बायकांचे झगे शिवत होतो. मग पलीकडच्या चौकात ते सौंदर्य केंद्र उघडलं आणि आमच्याकडे दाबाचे सूट शिवायला यायला लागले.

चरबी काढून घेतलेल्या बाईला पुढे कित्येक आठवडे अंगाला घट्ट बसणारा सूट घालावा लागतो, छातीखालपासून थेट घोट्यापर्यंत. सूज उतरावी आणि सुटलेली कातडी आत नीट बसावी म्हणून. तयार सूट कुणाला जांघेत काचतो, कुणाच्या मांडीवर झोळ पडतो. म्हणून तिथला डॉक्टर बायकांना आधीच आमच्याकडे मापाला पाठवायचा. तो डॉक्टर होता हे खरं, पण सर्जन नव्हता. कुठल्याशा शिबिरात चार दिवस चरबी ओढायची नळी फिरवायला शिकून आला होता. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. भिंतीवर प्रमाणपत्रांच्या एवढ्या चौकटी टांगलेल्या पाहिल्यावर कोण वाचत बसतंय!

जाऊबाईंची धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात कामाला होती. हसरी, बडबडी, दुकानात शिरली की आधी माझ्या डब्यात हात घालणारी. दोन बाळंतपणांनंतर तिचं पोट सुटलं होतं आणि ते तिच्या मनाला फार लागायचं. आमच्याकडचे सूट ती उलटसुलट करून पाहायची.

"ताई, मीपण करून घेऊ का गं? एवढ्या जणी करतात."

"कर की," जाऊबाई म्हणाल्या. "आमच्याकडे तर सगळ्या टुणटुणीत येतात सूट सैल झाला म्हणून."

आणि ते खोटं नव्हतं. दोन महिन्यांनी बाई यायची, आरशात वळून वळून बघायची, सूट आत घ्यायला सांगायची. पण जिचं बिघडलं ती शिंपिणीकडे कशाला येईल? ती आम्हाला कधी दिसलीच नाही. हे एवढं साधं गणित आमच्या दोघींच्या डोक्यात शिरलं नाही.

डॉक्टरने या धाकट्या बहिणीचं पोट, पाठ आणि दोन्ही मांड्या एकाच दिवशी केल्या. "एकदाच भूल, एकदाच त्रास," असं तो म्हणाला म्हणे. भूल त्यानेच दिली, हाताशी एक नर्स. दुपारी तिला घरी पाठवलं. पडून राहा म्हणाला, तर ती पडून राहिली. उठून थोडं थोडं चालत जा, असं तिला कुणी सांगितलं नाही. त्याआधी, तू रोज कुठल्या गोळ्या घेतेस, हेही कुणी विचारलं नव्हतं. ती मूल न होण्याच्या गोळ्या घेत होती.

चार-पाच दिवसांनी तिचा फोन आला. सूटचा डावा पाय काचतोय, पोटरी ठणकतेय. जाऊबाई कात्री आणि सुईदोरा घेऊन गेल्या. पोटरी सुजली होती, लाल झाली होती, हाताला गरम लागत होती. दुसरा पाय मात्र ठीक होता. तुम्ही-आम्ही घाबरलो असतो. पण ज्या बाईने जन्मभर काचणाऱ्या कपड्यांवर इलाज केला, तिच्या डोळ्याला पोटरी दिसलीच नाही, शिवण दिसली. आपलंच माप चुकलं असं वाटून त्या ओशाळल्या. पलंगावर बसून त्यांनी डाव्या पायाची शिवण गुडघ्याखाली उसवली, कापडाची पट्टी जोडली आणि वर टाके घातले.

"ताई, तुझ्या हाताला गुण आहे बघ," धाकटी म्हणाली. "किती हलकं वाटलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. धाप लागली, ओठ निळे पडले. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली. पण धाकटी गेली.

त्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खुर्चीवर बसवून सगळं नीट सांगितलं. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली, ती सुटून फुप्फुसात गेली. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हा धोका असतोच, गोळ्यांनी तो वाढतो, एका वेळी फार चरबी काढली आणि माणूस पडून राहिला की आणखी वाढतो. एकच पाय सुजला, दम लागला, छातीत दुखलं, तर क्षणभरही थांबायचं नसतं.

"म्हणजे मी शिवण उसवत बसले, तेव्हाच तिला इथे आणायला हवं होतं?" जाऊबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. "हो," त्या म्हणाल्या. "पण हे तुम्हाला सांगणं त्यांचं काम होतं."

जाऊबाई तशाच उठून सौंदर्य केंद्रात गेल्या. मी बरोबर होते. डॉक्टर खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"मावशी, तुम्ही शिवणकाम करा, डॉक्टरकी करू नका," तो म्हणाला. "मी घालायला सांगितलेला सूट तुम्ही एका पायात सैल केलात. दाब बिघडला, गाठ झाली. मी काय करणार?"

त्याने हात झटकले ते असे. वर हेच त्याने धाकटीच्या नवऱ्याच्या कानात भरलं. तो बिचारा दुःखाने आधीच वेडापिसा झालेला, त्याला धरायला एक माणूस हवं होतं आणि ते आयतं मिळालं. "तुम्ही मारलंत तिला," असं तो जाऊबाईंना तोंडावर म्हणाला आणि दार लावून घेतलं. भाचरं त्या दाराआड. वैद्यकीय मंडळाकडे आम्ही तक्रार केली, तर तिथेही डॉक्टरचं तेच पालुपद. धोका तिला समजावून सांगितला होता, माझ्याकडे सगळी सोय आहे, घोळ शिंपिणीने घातला.

खरं सांगते, मला त्याच्या काचा फोडायच्या होत्या. त्याच्या दारात उभं राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा होता. आणि हा निर्लज्ज माणूस आमच्याकडे बायका पाठवतच राहिला, कारण असा सूट शिवणारं आसपास दुसरं कुणी नव्हतं. मी पहिलीला हाकलणार होते. जाऊबाईंनी माझा हात धरला.

"येऊ देत," त्या म्हणाल्या. "एकेकीला येऊ देत."

मग पडद्याआड माप घेता घेता त्या बोलायला लागल्या. आवाज मऊ, हातात टेप. भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत शेजारी बसणार का? तुमचा श्वास अडकला तर तिथे काय सोय आहे? एका दिवसात किती जागा करणार? गोळ्या, सिगारेट, आधीचे आजार, काही विचारलं का? याने वजन उतरत नाही, हे तरी सांगितलंय ना?

काही जणी हसून निघून गेल्या. काही जणी चौकात जाऊन हेच विचारून आल्या आणि पांढऱ्याफटक पडून परतल्या. एकीला तो म्हणाला, "भूलतज्ज्ञ कशाला, मी आहे ना!" तिने मोठ्या हॉस्पिटलात जाऊन खऱ्या सर्जनकडून थोडीशीच चरबी काढून घेतली आणि ती छान बरी झाली. तिचा सूट जाऊबाईंनी मन लावून शिवला. त्यांचा राग शस्त्रक्रियेवर नव्हताच. त्यांना त्या एका माणसाचे हात थांबवायचे होते, आणि बायका एकेक करून गळत होत्या तसा त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान दिसायला लागलं होतं. मला त्याची थोडी भीतीसुद्धा वाटायची.

पण मेव्हण्याचं, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याचं, दार उघडलं नाही. आणि जाऊबाईंच्या मनातली टोचणीही गेली नाही. कधी कधी चालू मशीन थांबवून त्या म्हणायच्या, "मीच ना गं?"

एका दुपारी एक बाई आली. उंची पर्स, सुगंधाचा लोट. बाकावर आधीच दोघी बसल्या होत्या, दोघींच्या हातात त्याच केंद्राच्या चिठ्ठ्या. ही रांगेत थांबायला तयार नव्हती.

"मला जरा आधी घ्याल का? मी चौकातल्या डॉक्टरांची मिसेस. मैत्रीण म्हणाली, दाबाचा सूट तुमच्यासारखा कुणी शिवत नाही."

माझ्या हातातली बटणांची डबी सांडली. जाऊबाईंनी तिला आत घेतलं. मी टाचण्या द्यायच्या निमित्ताने पडद्यापाशी गेले आणि त्यांच्या कानात म्हणाले, "हिला काही विचारू नका. जाऊ दे नवऱ्याच्या हाताखाली. कळू दे त्याला." मी हे म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. आज लाज वाटते की नाही, हे मला विचारू नका.

बाईच्या कमरेभोवती टेप तसाच धरून जाऊबाई उभ्या होत्या. आरशात मला त्यांचे दात आवळलेले दिसले. एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. मग त्यांनी श्वास सोडला.

"बाई, भूल कोण देणार?"

"तिथले भूलतज्ज्ञ. खूप नावाजलेले आहेत."

"तिथले म्हणजे?"

"मोठ्या हॉस्पिटलात करणार आहे ना मी. प्लास्टिक सर्जनकडे." ती हसली. "आमच्याकडे करायचा माझा हट्ट होता, घरचंच आहे म्हणून. पण हे ऐकेनात. म्हणाले, 'तू आपल्याकडे नको. काही झालं तर आपल्याकडे कसली सोय नाही.'"

जाऊबाईंच्या हातातून टेप सुटला. मग त्यांनी शांतपणे पडद्याची कड धरली आणि तो एका बाजूला सारला. बाई अंगभर कपड्यांत होती, लाजण्यासारखं काही नव्हतं.

"जरा मोठ्यानं सांगा हो, मला एका कानानं कमी ऐकू येतं."

आमच्या जाऊबाईंना पलीकडच्या गल्लीतली शिट्टी ऐकू येते. पण ती बाई भली होती. तिने सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश, मोठ्याने, शब्द न शब्द. बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने हातातली चिठ्ठी चुरगाळली.

"माझी बहीण तुमच्या नवऱ्याकडेच गेली होती," जाऊबाई म्हणाल्या. "ती गेली."

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती पर्स विसरून निघाली, मी मागे धावत जाऊन दिली. हो, दिली. तिचा काय दोष होता?

बाकावरच्या दोघींनी मंडळापुढे जबाब दिला. डॉक्टर म्हणाला, माझ्या बायकोने असं काही म्हटलंच नाही. मग बायकोला बोलावलं. ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "म्हटलं." त्याचा परवाना गेला, केंद्राला टाळं लागलं. मी त्या टाळ्यासमोर उभी राहून पोटभर हसले.

जाऊबाई तिकडे फिरकल्याही नाहीत. त्या मेव्हण्याच्या घरी गेल्या होत्या. त्याने दार अर्धवट उघडलं, पण त्यांना आत या म्हणाला नाही. त्या बाहेरच उभ्या राहिल्या.

"शिवण मी उसवली," त्या म्हणाल्या. "ते मी नाकारत नाही, जन्मभर नाकारणार नाही. पण त्याला माहीत होतं. स्वतःच्या बायकोला तिथे झोपवायला तो तयार नव्हता. आपल्या धाकटीला झोपवलं त्यानं."

मेव्हणा दाराची कडी धरून तसाच खाली बसला, आणि आतून भाचरं मावशी म्हणत धावत आली.